‘जन्मजात गुन्हेगार’ गेला, ‘विकृत व्यक्तिमत्त्व’ आले!

तुरुंगात गेलेला माणूस मुळातच बिघडलेला असतो, असे मानण्याची खोड आपल्या समाजव्यवस्थेला जुनी आहे. पूर्वी ही गोष्ट मागच्या जन्मीच्या पापाच्या नावाने सांगितली जात असे. मग इंग्रजांनी ती कायद्यात लिहिली. आता ती मानसशास्त्राच्या भाषेत सांगितली जाते. या तिसऱ्या भाषेकडे आपल्या चळवळीने अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हाला वाटते.

२००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ देशांतील ६२ सर्वेक्षणांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार पुरुष कैद्यांपैकी ६५ टक्क्यांत व्यक्तिमत्त्व विकार आढळला. ४७ टक्क्यांत तर ‘समाजविघातक’ म्हणून ओळखला जाणारा विकार. आकडा धडकी भरवणारा आहे. पण ही सर्वेक्षणे बहुतेक पाश्चात्त्य देशांतली, आणि निदान कशावरून करतात तेही पाहिले पाहिजे. अटक होईल अशी कृत्ये वारंवार करणे, मारामारी, एका कामावर न टिकणे, या त्याच्या खुणा. जो आधीच गजाआड आहे त्याच्या नावापुढे पहिली खूण केल्यातच जमा आहे!

याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली काढलेल्या निदान-पुस्तिकेत या विकाराच्या खुणांमध्ये महिनाभर वा अधिक काळ पक्का पत्ता नसणे आणि कामाची आधी सोय न करता ठिकाणोठिकाण फिरणे यांचाही समावेश होता. वाचकहो, ही फूटपट्टी आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना लावून पाहा. गावाबाहेर पाल ठोकणारा पारधी, दगड फोडत हिंडणारा वडार, यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पत्त्याविना गेल्या. १९९४ च्या आवृत्तीत हे शब्द गाळले गेले. एका खुणेवर निदान होत नाही, पंधरा वर्षांच्या आतले वर्तनही तपासावे लागते, हेही खरे. पण त्या बालपणीच्या खुणांमध्ये शाळा बुडवणे आहे, घरातून पळून जाणे आहे. ऊसतोडीला आईबापांमागे गेलेल्या पोराने शाळा बुडवली, तर तो विकार कोणाचा? पोराचा की मुकादमाच्या उचलीचा?

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरला, हजेरी लागली, सोलापुरासारख्या ठिकाणी सेटलमेंटची तारेची कुंपणे उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. आणि १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. पाटी बदलली, पण पोलीस ठाण्यातली नजर बदलली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले. म्हणजे तोपर्यंत झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे मनूच ठरवत होता! त्या रकान्याच्या जागी ‘व्यक्तिमत्त्व’ नावाचा रकाना येऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मग मानसशास्त्र थोतांड आहे काय? मुळीच नाही. तुरुंगात खरोखर आजारी माणसे आहेत. बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहातील पाच हजारांवर कैद्यांची तपासणी निम्हान्सच्या तज्ज्ञांनी केली, तेव्हा व्यसनाचा प्रश्न केवढा मोठा आहे ते दिसले. त्यांना डॉक्टर हवा, गोळी हवी, कोणीतरी शांतपणे बोलणारे हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कैद्यालाही उपचाराचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याचे कलम ३ सांगते की, माणसाची सामाजिक वा आर्थिक स्थिती पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आपल्या वकील मंडळींनी हे कलम पाठ करावे.

खरी कसोटी लागते ती सुटका झाल्यावर. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते; म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. त्यातला एखादा चार वर्षांनी निर्दोष सुटतो. बराकीत त्याला तगवून ठेवणाऱ्या सवयी, कोणावर विश्वास न ठेवणे, भाकरी लपवणे, समोरच्याआधी आपण आवाज चढवणे, तो घरी घेऊन येतो. घरचे म्हणतात, हा पहिल्यासारखा राहिला नाही. मुकादम कामावर घेत नाही. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलीस ठाण्यात गेला की तिथे जुनी केस निघते. आणि गावात चोरी झाली की रात्री जीप त्याच्याच दारात. अशा माणसाचा तोल गेला तर दोष फक्त त्याच्या मेंदूत शोधायचा काय?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला वेगळे स्थान दिले आहे. त्यात अंगुलीमाल आहे. दरोडेखोर अंगुलीमालाचे परिवर्तन आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात नेहमी ऐकतो. पण भिक्खू झाल्यावर तो भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याच्यावर दगड टाकले, तो रक्तबंबाळ होऊन भगवंतांकडे परतला, हा भाग घाईने उरकला जातो. का? तर दगड मारणारे गावकरी म्हणजे आपणच असतो म्हणून!

होय, आपणच. आमच्या वस्तीत ‘आत जाऊन आलेला’ हा शब्द आम्ही स्वतः वापरला आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत अशांना झेंडा धरायला बोलावतो आणि वर्गणीच्या हिशेबाला बसवत नाही. सोयरिकीच्या वेळी तर त्याच्या बहिणीचेही नाव गळते. मनुवाद्यांना शिव्या घालताना हे लक्षात ठेवलेले बरे.

काम फार मोठे नाही. विहार समितीने सुटून आलेल्याच्या घरी पहिल्या आठवड्यात दोघांना पाठवावे. त्याचे आधार, रेशनकार्ड, बँकेचे खाते पाहावे. तुरुंगात असताना यातले काहीतरी बंद पडलेलेच असते. झोप येत नाही, संताप आवरत नाही असे तो म्हणाला तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याच्यासोबत जावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पोलिसांनी विनाकारण उचलले तर वकील कोण, हे आधीच ठरलेले असावे. येत्या पौर्णिमेला विहारात बैठक आहेच. विषयपत्रिकेत मिरवणुकीच्या डीजेच्या आधी हा विषय घ्या.