पडद्यावरील संसाराचा जमाखर्च

सुशिक्षितांच्या बैठकीत दूरदर्शनवरील कौटुंबिक मालिकांचा विषय निघाला, की तो बहुधा कुचेष्टेच्या सुरात निघतो. हा बायकांच्या रडण्याचा व्यापार आहे, एवढा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. बऱ्याच मालिकांना तो लागूही पडतो. परंतु याच माध्यमात काही लेखकांनी घर आणि घरातील स्त्री अत्यंत सचोटीने उभी केली, याची दखल मात्र त्या घाईत राहून जाते.

७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली, मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ ही मालिका घ्यावी. तिचा उगम मुळात प्रचारातला. मेक्सिकोमध्ये मिगेल साबिदो यांनी मालिकांच्या द्वारे कुटुंबनियोजनाचा प्रसार करण्याची जी पद्धत बसविली होती, तिचेच हे भारतीय रूप. पहिल्या तेरा भागांत उपदेश इतका उघड होता, की प्रेक्षक कंटाळले. मग तो सौम्य करण्यात आला व कुटुंबाच्या कथेला वाव मिळाला. मालिका खरी रुजली ती त्यानंतर.

या कुटुंबातील भागवंती ही पाच मुलांची आई. नवरा बसेसर राम दारूच्या आहारी गेलेला, घरात सासू-सासरे, मुलींची लग्ने व्हावयाची. जयश्री अरोरा यांनी रंगविलेली ही स्त्री म्हणजे सोशीकपणाचे दुष्परिणाम दाखविणारा धडा, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांकडे चौकशी केली तेव्हा अनेकांनी, आणि त्यांत स्त्रियाही होत्या, अनुकरणीय म्हणून भागवंतीचेच नाव घेतले.

प्रचाराच्या हिशेबाने हा शुद्ध तोटा होय, आणि टीकाकारांनी तो तसा मांडलाही. तथापि भागवंतीची बाजू पाहिली, तर प्रश्न इतका सोपा राहत नाही. तिच्या हातात स्वतःची मिळकत नाही, आणि नवऱ्याच्या व्यसनातून जे उरेल त्यात खाणारी तोंडे अनेक. अशा स्त्रीने घर सोडून जावयाचे तर कोठे? तिचे सोसणे हा तिचा स्वभाव की तिचा नाइलाज, हे लेखकाने सांगून टाकले नाही. देशातील असंख्य घरांत हाच प्रश्न अनुत्तरित होता. प्रेक्षकांनी भागवंतीला मान दिला तो गुलामगिरीला दिला असे समजणे, हा त्या प्रेक्षकांवर अन्याय आहे. त्यांनी कदाचित आपल्या आईला ओळखले असेल. शिवाय त्याच घरातून समाजकार्याकडे वळणारी बडकी, चित्रपटाच्या मोहाने फसणारी मझली आणि डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी अशा तीन निरनिराळ्या मुली निघतात, हेही विसरता येत नाही.

१९८९ मध्ये आलेल्या ‘उडान’मध्ये कविता चौधरी यांनी लेखन, दिग्दर्शन व प्रमुख भूमिका तिन्ही सांभाळून पोलीस अधिकारी होणारी कल्याणी उभी केली. तिची प्रेरणा त्यांच्या भगिनी, पोलीस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्याकडून आलेली होती. मराठीत १९९९ च्या ‘आभाळमाया’तील सुधा जोशी ही सुविद्य आणि कमावती. सुकन्या कुलकर्णी यांनी ती भूमिका केली. भागवंतीजवळ जे नव्हते ते सर्व सुधाजवळ आहे. तरीही नवऱ्याचे मन दुसरीकडे ओढले गेल्यावर तिचा गुंता सुटत नाही. पगारपत्रकाने प्रत्येक प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांनी (अर्थशास्त्राच्या वर्गात ते पुष्कळ भेटतात) या मालिकेकडे अवश्य लक्ष द्यावे.

२००० नंतर हिंदी वाहिन्यांवर वाड्यांतील कुटुंबांचे राज्य आले. तेथे उद्योग कोट्यवधींचा, पण कामाला गेलेला माणूस क्वचितच दिसतो, आणि किराण्याचे बिल कोणी भरत नाही. एक सून देवता, तर दुसरी कारस्थानी. जिला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही, तिचा निर्णय प्रेक्षकाला पटावा कसा? मात्र याचा सारा दोष लेखकांच्या माथी मारणे योग्य नाही. ‘हम लोग’ सुमारे दीडशे भागांत, दीड वर्षात आटोपली. २००० ते २००८ पर्यंत चाललेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’चे अठराशेहून अधिक भाग झाले. आठवड्यातून चार-पाच भाग पुरवावयाचे तर पात्राचा विचार करावयास लेखकाला उसंत कशी मिळणार?

प्रेक्षकांचा कौल घेण्याची रीतही बदलली. ‘हम लोग’च्या काळात लाखांनी पत्रे येत, कोणाला भागवंतीचा राग आला, कोणाला बडकीच्या लग्नाची काळजी लागली, हे त्यांतून कळे आणि त्याचा कथानकाशी संबंधही पोहोचे. आजच्या गुणांकनात कोणी काय किती वेळ पाहिले, एवढ्याचीच नोंद होते, आणि जाहिरातीचा दर त्याच नोंदीवर ठरतो.