मस्कतचा पाहुणा

हर्णै बंदरात सूटी गल दिसलाय, एवढाच मित्राचा निरोप. मी रात्रीच्या एसटीनं पुण्याहून निघालो. एका पाखरासाठी दापोली तालुका गाठणं घरात कुणालाच पटलं नव्हतं. कोलंबी आणायच्या अटीवर सुटका झाली.

सीगल म्हणजे आपले कुरव. हिवाळ्यात कोकणात त्यांना तोटा नसतो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटातल्या सरोवरांवरून येतात, काही थोराड जातभाई तर थेट सैबेरियातून. सूटी गलचं, म्हणजे काजळी कुरवाचं, घर मात्र समुद्रापलीकडेच: ओमान, येमेन, सोमालिया, तांबडा समुद्र. मधे ना डोंगर ना वाळवंट, तरी स्वारी इकडे क्वचितच फिरकते. लांबचे दरवर्षी हजर आणि समोरच्या दारचा कधीमधी. आमच्या सोसायटीतही असंच आहे.

शास्त्रीय नावात त्याला हेम्प्रिख चिकटलाय. हा जर्मन निसर्ग-अभ्यासक १८२५ साली तांबड्या समुद्राकाठी मसावा बंदरात तापानं गेला. मला घाटात नुसती मळमळ झाली होती, तर केवढा त्रागा केला मी!

बंदरावर बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणत होत्या आणि वर कुरवांचा कालवा. पाचशे पांढऱ्यांत एक काळपट शोधायचा म्हणजे सोपं, असं वाटलं होतं. पण कुरवांची पिल्लंही तपकिरीच असतात. तासाभरात तीनदा फसलो. भरवसा फक्त चोचीचा: लांब, जाड, हिरवट पिवळी, टोकाला काळा पट्टा आणि लाल ठिपका.

"काय बघताय मघापासून?" पाटीवर फडकं टाकत मासेवालीनं विचारलं.

"मस्कतकडचा पक्षी आलाय म्हणतात."

"मस्कतला आमचा धाकटा हाय. दोन शिमगे झाले, तो आला नाय, आन् पाखरू आलं?"

मी काय बोलणार? तेवढ्यात ओढून ठेवलेल्या होडीच्या नाळेवर तो दिसला. कॉफीच्या रंगाचं डोकं, मानेवर पांढरी पट्टी, आणि तीच ती चोच. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी धरली, हसली, परत दिली आणि कपाळावर आडवा हात धरून बघू लागली.

कुरवानं वाळूतलं बांगड्याचं डोकं उचललं आणि सुवर्णदुर्गाकडे निघाला. किल्ल्यापलीकडे ठिपका विरला तरी तिचा हात कपाळावरच होता. मग म्हणाली, "कोलंबी किती देऊ?"