खेळातला रस्ता आणि दारातला रस्ता

आमच्या दादांनी एकतीस वर्षे एस. टी. चालवली. सेवानिवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली, तरी ओट्यावर बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून ते सांगतात, "हा साठच्या वर आहे." त्यांचा नातू सतरा वर्षांचा, बारावीत शिकणारा. गेल्या महिन्यात या नातवाने मित्राच्या वडिलांची मोटारसायकल घेतली, वर्गातली एक मुलगी मागे बसवली आणि उड्डाणपुलाजवळच्या वळणावर दोघेही पडले. नातवाला खरचटण्यावर निभावले. मुलीचा उजवा हात मनगटाजवळ मोडला. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर नव्हते. जीव वाचले, हीच त्यातली चांगली गोष्ट.

घरात जे व्हायचे ते झाले. आई रडली, बापाने हात उगारला, मोबाईल काढून कपाटात ठेवला. "त्या गेमपायी पोरगं हातचं गेलं," असे चाळीतले चारजण बोलले. आम्ही त्या दिवशी तिथेच होतो. आम्हाला वाटले, ज्या गोष्टीला आपण शिव्या देतो ती एकदा नीट पाहावी तरी. नातवाला जवळ बसवले आणि म्हटले, "काय खेळतोस ते आम्हाला दाखव. रागावणार नाही."

त्याने दाखवले. खेळाचे नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास'. हा खेळ २००४ साली परदेशात निघाला. पूर्वी आपल्याकडची पोरे सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून असले खेळ खेळत. २०१३ साली हा खेळ मोबाईलवर आला. खरे तर तो प्रौढांसाठी आहे, पण आपल्या वस्तीत वय कोण विचारतो? त्यात अमेरिकेतल्या शहरांच्या धर्तीवर उभी केलेली तीन शहरे आहेत आणि त्यांना जोडणारे लांबच लांब महामार्ग आहेत. कोणाचीही गाडी घ्यावी आणि सुटावे. लाल दिवा लागला तरी थांबायची गरज नाही, शिपाई अडवत नाही. गाडी आपटून नायक मेला, तर थोडे पैसे वजा होतात आणि तो दवाखान्याच्या दारात धडधाकट उभा राहतो. पुन्हा गाडी, पुन्हा रस्ता.

याच खेळात मैत्रिणीही आहेत. नायकाने त्यांना फिरवायचे, जेवायला न्यायचे, फुले द्यायची. कोणाशी मैत्री किती पुढे गेली, ते टक्क्यांत दिसते. त्यातल्या एकीला भरधाव गाडी आवडते. गाडी जितकी पळवाल तितकी ती खूष. हे दाखवताना नातवाने मान खाली घातली. आम्ही काही बोललो नाही. त्याचे त्यालाच कळले होते.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण म्हणाली, "सगळे गेम असे नसतात." ती परिचारिकेचे शिक्षण घेते. तिच्या मोबाईलवर 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा शेतीचा खेळ आहे. हा २०१६ सालचा. आजोबांची पडीक शेती नातवंडाने कसायची, गावात ओळखी करायच्या. गावात लग्नाजोगे बाराजण आहेत, सहा पुरुष आणि सहा स्त्रिया. त्यांतून आपल्याला आवडेल तो जोडीदार निवडायचा. भेटवस्तू दिली, बोलणेचालणे ठेवले की नात्याची बदामे वाढत जातात. पुरेशी भरली की लग्नाची मागणी घालता येते. आम्ही विचारले, "जात?" ती हसली. "तिथे कोणी आडनाव विचारत नाही."

हे ऐकून आम्ही क्षणभर गप्प झालो. आपल्या देशात स्वतःच्या पसंतीने, जातीबाहेर लग्न केलेल्या किती मुलामुलींना घर सोडावे लागते! १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न पाहता लग्न करण्याचा हक्क दिला, तरी नोंदणी कचेरीच्या पायऱ्या चढताना पोरांचे पाय लटपटतात. म्हणून खेळात का होईना, मुलीने स्वतः निवड करावी आणि कोणी कुळी विचारू नये, ही गोष्ट आम्हाला वाईट वाटली नाही.

मात्र एक गोम या दोन्ही खेळांत आहे. टक्के काय आणि बदामे काय, ती नियमाने वाढतात. योग्य वस्तू दिली, योग्य रीतीने वागले, की समोरचे माणूस आपलेसे होते. खऱ्या माणसाचे तसे नाही. शंभर फुले दिली तरी एखादी मुलगी 'नाही' म्हणेल, आणि तिने कारण द्यावे अशी सक्तीही नाही. तिचे 'नाही' म्हणजे पुढच्या खेपेला फोडायचे कुलूप नव्हे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांनी नातवाला बोळात नेले. हातात खडूचा तुकडा. म्हणाले, "त्या दिवशी काटा कितीवर होता?"

"साठ असेल, आजोबा. थोडा जास्तच."

"साठच धर. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते." दादांनी आमच्या उंबऱ्यापाशी रेघ मारली आणि मोठी पावले टाकत निघाले. सतरा पावले झाली तेव्हा ते सार्वजनिक नळाच्याही पुढे गेले होते. तिथे दुसरी रेघ मारली. "पोर आडवं आलेलं डोळ्याने बघायचं, डोक्याने समजायचं आणि मग पायाने ब्रेक दाबायचा. यात सेकंद तरी जातो. तेवढ्यात तू इथवर आलास. ब्रेक अजून लागलेलाच नाही. तीसच्या वेगात असतास तर निम्म्या वाटेवर असतास."

मग त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही. ब्रेक लागल्यापासूनचे अंतर चौपट होते. तीसला जी गाडी नळाच्या अलीकडे उभी राहील, ती साठला नळावर पाणी भरणाऱ्या बाईला घेऊन पुढे जाईल. ज्याने शाळेत हे गणित सोडवले आहे, त्यानेही ते रस्त्यावर कधी मोजलेले नसते.

"मग समृद्धीवर एकशेवीस कसे चालतात?" नातवाने विचारले. प्रश्न रास्त होता. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिथे सपाटीवर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ती १०० आहे आणि घाटात त्याहून बरीच कमी. पण या दोन्ही रस्त्यांवर मोटारसायकलला मुळी प्रवेशच नाही. तिथे मधून कोणी रस्ता ओलांडत नाही, हातगाडी नाही, शाळा सुटत नाही. वेग रस्ता पाहून ठरतो. दादा म्हणाले, "लांब पल्ल्याची गाडी घेऊन आम्ही शहरात शिरायचो, तेव्हा पन्नासलाही गाडी रांगतेय असं वाटायचं. डोळा फसतो. म्हणून वेशीवर आलं की आधी काट्याकडे बघायचं, मग पुढे."

आपली वस्ती मोठ्या रस्त्याला लागून. पलीकडे बाजार, पलीकडे शाळा, पलीकडे रेशनचे दुकान. दिवसातून चार वेळा जीव मुठीत धरून आपण तो ओलांडतो. २०१८ साली केंद्र सरकारने शहराच्या हद्दीत मोटारसायकलला ताशी ६० ची कमाल मर्यादा ठरवली. फलकावर त्याहून कमी आकडा लिहिला असेल, तर तोच पाळायचा. २०२० साली स्टॉकहोम येथे रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद भरली. जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे वेग तीसवर ठेवावा, असे तिच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. आपला बोळ, आपली शाळा, आपला बाजार हीच ती ठिकाणे.

आता थोडे आकडे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले दर दहांपैकी सुमारे सात मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले. दुचाकीवरची माणसे सर्वाधिक, जवळजवळ ४५ टक्के. पायी चालणारी जवळजवळ २० टक्के. म्हणजे मोटारवाले फार नव्हेत, मरतात ती बहुतेक आपल्यासारखीच माणसे. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या वर्षी गेले. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. ज्यांच्या हातात ना हँडल ना ब्रेक, अशी चौदा हजार माणसे! कोणाची बायको, कोणाची आई, कोणाची वर्गमैत्रीण.

तिसऱ्या दिवशी दादा आणि आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. नातू बरोबर होता. मुलीचे वडील रात्रपाळीचे वॉचमन. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "तिचं कॉलेज बंद. हातालाच लागलं आहे. उद्या आणखी काही झालं तर?" शेजारणी आधीच बोलून गेल्या होत्या, मुलगी बसलीच कशाला म्हणून.

मुलीची आई चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "दादा, माझ्या पोरीने त्याला दोनदा सांगितलं, हळू चालव. दोनदा!"

आम्ही नातवाकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, ती वरवर म्हणतेय. तिला आवडत असेल."

वाचकहो, त्या दिवशी हाडाबरोबर आणखी काय मोडले, ते आम्हाला या एका वाक्यात समजले. 'हळू' म्हणणाऱ्या मुलीच्या मनात 'जोरात' आहे, असे या मुलाने परस्पर ठरवले. वेगाची मर्यादा दंड वसूल करण्यासाठी लिहिलेली नसते. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा तो 'नको' असतो, फलकावर लिहिलेला. जो फलकावरचा 'नको' ऐकत नाही, तो मागे बसलेल्या माणसाचाही ऐकत नाही. आणि जो मुलगा मुलीचे 'हळू' ऐकत नाही, तो उद्या तिचे 'नाही' ऐकेल कशावरून?

दादांनी त्या बापापुढे हात जोडले. "चूक आमच्या पोराची. शिक्षा तुमच्या पोरीला देऊ नका. ती शहाणी होती म्हणून तर हळू म्हणाली. अशा शहाण्या पोरीचं शिक्षण थांबवायचं?" औषधपाण्याचा खर्च दादांनी साठवलेल्या पैशांतून दिला. बाप लगेच काही बोलला नाही. पण पुढल्या सोमवारपासून ती मुलगी गळ्यात हात बांधून कॉलेजला जाऊ लागली आहे. प्लास्टर परीक्षेच्या आधी निघेल.

आता पालकांशी दोन शब्द. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका महागड्या मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना ठार केले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र खवळला. पुढे तो आदेश बदलला. श्रीमंतांच्या पोरांवर आपण बोट ठेवतो, ते ठेवलेच पाहिजे. पण आपल्या घरातली किल्ली खिळ्यावर कोणाच्या हाताला लागेल अशी टांगली आहे, तेही पाहू या.

मोबाईल हिसकावून काही साधणार नाही. मुलाशेजारी बसा, तो काय खेळतो ते पाहा, त्याच्याशी बोला. घरात दुचाकी असेल तर हेल्मेट दोन घ्या. आपली जी मुले पार्सल पोहोचवतात, त्यांना निघताना "लवकर ये" म्हणू नका, "नीट ये" म्हणा. मुलींना सांगा की 'हळू' म्हणून गाडी हळू झाली नाही, तर थांबवायला लावून उतरावे. घरी उशीर झाला तरी कोणी रागावणार नाही. आणि मुलगा-मुलगी एकमेकांना आवडली तर आरडाओरडा करण्याऐवजी त्यांना घरात बसून बोलू द्या. चोरून भेटावे लागले नाही, तर चोरून गाडीही काढावी लागणार नाही.

परवा नातवाने त्या मुलीला निरोप पाठवला, एकदा भेटून माफी मागायची आहे. तिने उलट निरोप दिला, "आत्ता नको." तो ओट्यावर दादांच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "नको म्हणाली. आता मी पुन्हा विचारणार नाही."

दादा म्हणाले, "पोरा, हा ब्रेक तू वेळेवर दाबलास."

बोळातल्या खडूच्या रेघा पावसाने पुसल्या. पण उंबरा आणि नळ जागेवर आहेत. आपल्याही दारात असा उंबरा असेल, पुढे असा नळ असेल. एका संध्याकाळी मुलांना घेऊन ती सतरा पावले मोजून पाहा.