गाणं कुणाचं, पैसे कुणाला?

आमच्या गोवंडीत जयंतीच्या दिवसांत गल्लोगल्ली गाणी वाजतात. गायकाचं नाव सगळ्या पोरांना पाठ! पण गाणं लिहिलं कुणी, असं विचारलं की सारे गप्प.

मोबाइलवर गाणं ऐकता ना, त्याचा हिशेब राहतो बरं का. कुठलं गाणं किती वेळा वाजलं, याची यादी ॲपवाले ठेवतात. जाहिराती आणि वर्गणीच्या पैशांतला एक वाटा शब्द आणि चालीसाठी असतो. त्याला म्हणतात रॉयल्टी. ती गोळा करून वाटते मुंबईचीच एक संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. तिची स्थापना १९६९ सालची. यादीतलं गाणं आणि संस्थेकडचं कवीचं नाव जुळलं, की पैसे पोचतात. एका वेळेचे अगदी किरकोळ, पण लाखो वेळा वाजलं तर? मात्र कवी सभासदच नसला, किंवा गाण्यापुढे कुणी नुसतंच 'पारंपरिक' लिहून टाकलं, तर पैसे वाटेतच अडकतात.

पूर्वी बरेच कवी एकदाच पैसे घेऊन सगळे हक्क कंपनीला लिहून देत. पुढे एक दमडी नाही! २०१२ साली कायदा बदलला. कवी जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तळमळून बोलले. आता कंपनीइतकाच वाटा कवी-संगीतकारांचा, आणि तो कंपनीला लिहून देताच येत नाही.

कवी गेल्यावरही हक्क साठ वर्षं टिकतो, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. शेजारच्या घाटकोपरला, चिरागनगरात राहिलेले शाहीर अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. मोजा बरं, कधीपर्यंत? बरोबर, ३१ डिसेंबर २०२९!