रजेची चिठ्ठी

मैत्रिणींनो, सकाळची घाई. डबा भरायचा, वेण्या घालायच्या, आणि नेमकं तेव्हाच धाकटं कुरकुरतं, "आई, आज नाही जात शाळेत." आपणही म्हणतो, "राहू दे एक दिवस. तिसरीत काय असं बुडणार आहे?"

काय बुडतं, ते हिशेबानेच पाहू या. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरावी लागते. महिन्याला दोनच खाडे झाले, तरी दहा महिन्यांत वीस होतात. म्हणजे वर्षाचा दहावा हिस्सा गेला! मीही ही चूक केली आहे. घरच्या लग्नासाठी मुलाला चार दिवस ठेवून घेतले आणि नेमकी त्याच चार दिवसांत वर्गात हातच्याची वजाबाकी झाली. पुढे पंधरा दिवस रोज संध्याकाळी आम्ही दोघे वही घेऊन बसत होतो.

अर्थात काही खाडे टळत नाहीत. आपल्या महाड-पोलादपूरकडचा पाऊस काय सांगावा! ओढ्याला पाणी चढले असेल, तर वाडीवरच्या मुलाने घरीच राहावे. जुलै 2021 च्या महापुरात तर महाडात घरोघरी चिखल शिरला, दप्तरे-पुस्तके गेली. तेव्हा चिठ्ठी कोण कोणाला मागणार?

आजारपणातही मुलाला रेटून पाठवू नये. ताप औषधाशिवाय उतरून एक दिवस जाऊ द्यावा. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गोवराचे पुरळ उठल्यावर निदान चार दिवस मूल घरीच हवे. नाहीतर आपले एक आणि वर्गातली चार, असे व्हायचे.

पण चिठ्ठीत कारण मात्र खरे लिहा. मी अर्धवेळ शिकवते, त्या वर्गात एक हुशार मुलगी होती. दर चिठ्ठीवर एकच कारण, 'ताप आला होता'. एकदा काळजीने विचारले, तर पटकन म्हणाली, "मला नाही बाई, भावाला सांभाळायला राहिले होते." आणि लगेच रडायलाच लागली, "आईला सांगू नका हं!"

आईला तरी दोष कसा द्यावा? लावणीची मजुरी बुडवली, तर चूल कशी पेटायची? आम्ही दोघी बोललो. भाऊ तीन वर्षांचा होता. त्याचे नाव अंगणवाडीत घातले आणि उरलेला वेळ शेजारच्या आजींनी आपणहून पत्करला. मुलीचे खाडे थांबले. खरे कारण आधी कळते, तर हा मार्ग दोन महिने आधीच निघाला असता. शिवाय आठ वर्षांच्या पोरीला खोटे सांभाळत बसावे लागले नसते.

तेव्हा एवढे करा. चिठ्ठीत तारीख, खरे कारण आणि सही असू द्या. लग्नकार्य असेल, तर बाईंना आधीच सांगा आणि काय शिकवणार आहेत, ते विचारून घ्या. मूल परतल्यावर मैत्रिणीची वही आणून त्याच संध्याकाळी राहिलेला धडा वाचून घ्या. आणि घरकामाला हात हवा म्हणून मुलीला घरी ठेवायची वेळ आली, तर आधी शाळेत येऊन बोला. बाईंना सगळेच जमेल असे नाही, पण दोन डोकी एकत्र आली की काहीतरी सुचतेच.