पुळणीवरचा अर्धा तास

अंदमानातल्या वंडूरच्या जेट्टीवर सकाळी पर्यटकांच्या पिशव्या तपासतात. प्लास्टिकची बाटली, वेफर्सचे पाकीट, कॅरीबॅग यांतले काहीच पुढे जाऊ देत नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी अनामत भरून बाटली घ्यायची आणि परतल्यावर ती जमा करायची. मग होडी निघते, ती जॉली बॉय बेटाकडे. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली घोषित झाले. सुमारे २८१ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात पंधरा बेटे असली, तरी पर्यटकांच्या वाट्याला जॉली बॉय आणि रेडस्किन ही दोनच येतात, तीही आलटूनपालटून. एक उघडे असते तेव्हा दुसरे विसावा घेते. बेटावर मुक्काम नाही. पांढऱ्या पुळणीवरून चालत पाण्यात शिरायचे, मास्क लावायचा, थोडे पोहायचे, की खाली प्रवाळ सुरू होतात.

हंगाम तोंडावर आला आहे. मालवण-तारकर्लीत शिकून अंदमानात कामाला गेलेल्या स्नॉर्कलिंग-गाइडांसाठी आणि इथून तिथे गट घेऊन जाणाऱ्या सहल-आयोजकांसाठी या अंकात लिहायला अशा शांत, राखीव किनाऱ्याइतका जवळचा विषय मला सुचला नाही.

मालवणात आपली सवय होडीची आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबते, गिऱ्हाईक शिडीवरून पाण्यात उतरते आणि शिडीनेच वर येते. जागा किती खोल आहे, ओढ कुठे आहे, हे होडीवाल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते. किनाऱ्यावरून उतरायचे म्हटले की हे सगळे ओझे एकट्या गाइडच्या खांद्यावर येते. शिवाय एक गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेत नाही. किनाऱ्यावरून जाणारा माणूस प्रवाळाचा सर्वांत उथळ पट्टा दोनदा ओलांडतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. जाताना तो ताजातवाना असतो आणि गाइडचे ऐकत असतो. परत येताना तो थकलेला असतो, मास्कमध्ये पाणी शिरलेले असते, पाय जड झालेले असतात. त्यात ओहोटी लागलेली असेल, तर जाताना ज्या वाटेवर कमरेइतके पाणी होते तिथे आता गुडघाभरच उरलेले असते.

हे मी ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी अंदमानातल्याच एका बेटावर सहा जणांना घेऊन मी भर भरतीला उतरलो होतो. अर्ध्या तासात परतायचे ठरले होते. तेवढ्यात कासव दिसले, सगळे हरखले आणि त्यांचा आनंद मोडवेना म्हणून मी वेळ वाढवत गेलो. परत फिरलो तेव्हा पाणी उतरले होते. गटातल्या एका बाईंचा गुडघा खाली लागला, त्या घाबरल्या आणि उभ्या राहिल्या. पायाखाली फांद्यांचे प्रवाळ होते. ते मोडल्याचा आवाज मला पाण्यातून स्पष्ट ऐकू आला. त्यांची नडगी सोलली गेली, ती जखम पुढे चिघळली. चूक त्यांची नव्हती. त्यांना तिथे त्या वेळी मी नेले होते.

फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहाएक सेंटीमीटरही वाढू शकतात, त्यामुळे मोडलेली फांदी आपल्या हयातीत भरून निघेल अशी आशा तरी ठेवता येते. पोरायटीससारखे गोळ्यांचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. हंड्याएवढा गोळा तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षे जातात. मालवणच्या अभयारण्यात, म्हणजे १९८७ साली राखीव झालेल्या त्या २९ चौरस किलोमीटरांत, मुख्यतः असेच गोळ्यांचे आणि खडकाला पसरून चिकटलेले प्रवाळ आहेत. ते सहज मोडत नाहीत, म्हणून ‘इथे काही होत नाही’ असे आपल्यातले काही जण म्हणतात. पण फिनच्या फटक्याने उडालेला गाळ त्यांच्यावर बसतो, हाताच्या घासण्याने वरचे जिवंत अस्तर सोलवटते. दगडासारखा दिसतो तो प्राणी आहे आणि २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्यापुढे तो वाघाच्या पंगतीला बसतो.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर निंगालू नावाचा प्रवाळपट्टा आहे. लांबी सुमारे २६० किलोमीटर, आणि काही ठिकाणी तो किनाऱ्याच्या इतका जवळ येतो की होडीची गरजच पडत नाही. तिथल्या ऑयस्टर स्टॅक्स या जागेबद्दल नियम साधा आहे : भरतीची उंची किमान १.२ मीटर असेल तेव्हाच उतरायचे. एवढाच एक आकडा, पण तो पाण्यात जाणाऱ्याचे पोट आणि प्रवाळाचा माथा यांच्यात अंतर राखतो. आपल्या एकाही जागेसाठी असा आकडा आपण ठरवलेला मला माहीत नाही.

त्याच पट्ट्यातल्या टर्क्वॉइज बे इथे लोक दक्षिणेकडे चालत जातात, पाण्यात शिरतात आणि ओढीबरोबर प्रवाळावरून तरंगत उत्तरेला येतात. फिन मारावे लागत नाहीत, म्हणून गाळ उडत नाही, मासे बुजत नाहीत. पण वाळूच्या टोकाच्या आत बाहेर पडावेच लागते. चुकले तर तीच ओढ खिंडारातून खुल्या समुद्रात नेते, आणि तिथे माणसे दगावली आहेत. ही ओढ येते कुठून? बाहेरच्या लाटा प्रवाळाच्या बांधावर फुटतात, त्यांचे पाणी आतल्या उथळ भागात साचते आणि जिथे बांध तुटलेला असेल तिथून परत जाते. म्हणजे आत पाणी आरशासारखे शांत असतानाही बाहेर लाट मोठी असेल, तर ओढ जोराची असते. किनाऱ्यावर उभे राहून फक्त जवळचे पाणी पाहणाऱ्याला हे कळत नाही. बांधावर पांढरा फेस किती दिसतो, तेही पाहावे लागते.

कोकणात आपल्या आजोबांनी तिथीवरून भरती काढली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटका मिळते : अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या. हे गणित कोकणपट्टीचे आहे, अंदमानात ते फसवेल. तिथे त्या बंदराचे भरतीचे कोष्टकच हाती हवे. मात्र त्यातली समज तिथेही चालते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप चढते, खूप उतरते आणि वेगाने ओढते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला चढ-उतार कमी, ओढ कमी आणि उथळ पट्ट्यावरचे पाणी बराच वेळ टिकते. नवशिक्या गटासाठी भांगाचा दिवस धरावा, असे मला अनुभवाने वाटते.

इथे सहल-आयोजकांशी मला स्पष्ट बोलायचे आहे. उद्यानाच्या होड्यांची वेळ ठरलेली असते, ती आपल्या हातात नाही. तारीख मात्र आपल्या हातात असते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिचे वर्षभराचे कोष्टक आगाऊ छापलेले मिळते. तुमचा सहलीचा कार्यक्रमही महिनोन्महिने आधी ठरतो. मग सेल्युलर जेल कोणत्या दिवशी आणि बेट कोणत्या दिवशी, हे कोष्टक समोर ठेवून का ठरवू नये? तुम्ही ते केले नाही, की तिथल्या गाइडपुढे दोनच वाटा उरतात : उथळ पाण्यात गट नेणे किंवा ‘नाही’ म्हणून त्या दिवसाची मजुरी सोडणे. ही निवड त्याच्यावर लादणे अन्याय आहे.

गाइड मित्रांनो, उरलेले तुमच्याकडे. आपल्या बहुतेक गिऱ्हाइकांना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घातले की ती पाण्यात उभी तरंगतात आणि पाय थेट प्रवाळावर लोंबतात. म्हणून आधी खाली निव्वळ वाळू असेल अशा कमरेइतक्या पाण्यात अर्धा तास द्या. आडवे तरंगणे, तोंडाने सावकाश श्वास, मास्कमधले पाणी काढणे, मदत हवी असेल तर हात वर करणे. ज्याला हे जमले नाही त्याला त्या दिवशी प्रवाळावर नेऊ नका, काचतळाची होडी दाखवा. एका गाइडमागे चारापेक्षा जास्त माणसे नकोत. बुडणारा माणूस ओरडत नाही. नळी तोंडात, चेहरा पाण्यात, आणि तो शांत झालेला असतो. अशा निवांत किनाऱ्यावर दुसरे कोणी पाहायलाही नसते, म्हणून डोके मोजत राहा. पावाचा तुकडा कोणाच्याही हाती देऊ नका, मासे त्याशिवायही येतात.

२०१० च्या उन्हाळ्यात अंदमानातले प्रवाळ पाणी तापल्याने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही, पाणी निवले तर तो सावरू शकतो. त्या आठवड्यांत त्याच्यावर पडलेला गाळ आणि पाय त्याला परवडत नाहीत. तुमच्या जागी असे दिसले, तर तारीख लिहून वनखात्याला कळवा आणि गट दुसरीकडे वळवा.

पुढच्या अंकापासून एक पान किनाऱ्यावरून उतरण्याच्या जागांसाठी ठेवले आहे. प्रत्येकाने आपली एक जागा लिहून पाठवावी : पाण्यात कुठून शिरता, बाहेर कुठे येता, वाटेत वाळू किती आणि प्रवाळ किती, आणि भरतीची उंची कितीच्या खाली गेली की तुम्ही तिथे उतरत नाही.