दूध बायकांचे, पथ्यही बायकांनाच

आईच्या दुधात रसायने सापडली, असे लिहिताना माझा हात कचरतो. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींविरुद्ध आपण किती वर्षे भांडलो, तेव्हा कुठे १९९२ चा कायदा आला. त्या कंपन्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? म्हणून मैत्रिणींनो, आधीच सांगते, बाळाला अंगावर पाजणे थांबवू नका. माझे भांडण दुसऱ्यांशी आहे.

टीव्हीची पेटी, गादीचा फोम, पडद्याचे कापड चटकन पेटू नये म्हणून त्यांत ब्रोमीनची रसायने घालतात. ती मालात पक्की बसत नाहीत. धुळीतून, सांडपाण्यातून नदीत उतरतात. स्वीडनमध्ये व्हिस्कान नदीकाठी कापड कारखाने होते; तिथल्या माशांत ती सापडल्याचे १९८१ साली प्रसिद्ध झाले. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो, मोठा आपल्या ताटात येतो, आणि प्रत्येक पायरीवर साठा वाढतो. स्टॉकहोममध्ये मातांचे साठवलेले दूध तपासले, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात हे प्रमाण दर ५ वर्षांनी जवळजवळ दुप्पट झालेले निघाले.

यातले १० ब्रोमीनचे ‘डेका’ निर्धोक आहे, त्याचा रेणू इतका मोठा की शरीरात शिरतच नाही, असे उत्पादक सांगत. २००४ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कार्प माशांना ६० दिवस डेका चारले. माशांत डेका साठले नव्हते, हे खरे. पण त्याच्यापासून बनलेली, कमी ब्रोमीनची रसायने साठली होती! मासा एकेक ब्रोमीन तोडतो, आणि उरते ते शरीरात अधिक सहज मुरणारे. कागदावर मात्र याला ‘विघटन’ म्हणायचे.

आणि पथ्य कोणाला? बाल्टिकमधला चरबीचा मासा मुलामुलींनी आणि मूल होऊ शकणाऱ्या बायकांनी वर्षातून दोनतीनदाच खावा, असा सल्ला स्वीडनमध्ये देतात. तो डायॉक्सिन आणि पीसीबीपायी आहे, पण रीत तीच. कारखान्याचे पाप बाईने ताटात निस्तरायचे. वर्षानुवर्षे चरबीत साचलेले काही नऊ महिन्यांच्या पथ्याने निघत नाही.

‘पेंटा’चा वापर बंद होत गेला तसे स्वीडनमधल्या दुधातले प्रमाण नव्वदीच्या अखेरीपासून उतरू लागले. म्हणजे उपाय कारखान्याच्या दारात होता. स्टॉकहोम कराराने पेंटा आणि ऑक्टा २००९ मध्ये बंदीच्या यादीत घातले, डेकाला २०१७ उजाडले. आपल्या सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या बंदीच्या नियमांत पहिली दोन आहेत. डेकाचे नाव त्यात नव्हते.